बॅटरी बदलायची आहे: यादी म्हणते ‘एल’, आत बसलीय ‘आर’, आणि दुकानदार म्हणतो मोठी टाका

घाटवळण | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

वाईहून लिहितोय. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, तीन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पाचव्या प्रतिसादापासून ‘ती गाडी घेतलीच कशाला’ सुरू होईल.

गेले पंधरा दिवस सकाळचा पहिला सेल्फ कुथत कुथत घेत होती. काल आईला मांढरदेवीला घेऊन गेलो होतो. दर्शन झालं, खाली आलो, चावी फिरवली, आणि नुसतं कट-कट-कट-कट. उतार होता आणि चार भले लोक होते म्हणून धक्क्यावर निघाली. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, यावरून ओळखा.

आज बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मोबाईलवर गाडीचं मॉडेल टाकलं, यादीत आलं ३८बी२०एल. बॉनेट उघडलं तर आतल्या बॅटरीवर ३८बी२०आर. म्हटलं हे कसं? तर म्हणाला, “काय फरक पडत नाय साहेब. ३५ ची कशाला टाकता, ४५ ची टाकतो, पाच वर्षं बघायला नको. जागा मी करून देतो.” जागा कशी करणार विचारलं, तर त्याने ट्रेच्या कडेवर बोटाने कापल्याची खूण केली. मी “उद्या येतो” म्हणून सटकलो.

प्रश्न असे:
एल आणि आर मध्ये खरंच फरक पडत नाही का?
लेबलवर ३८, दुकानदार म्हणतो ३५. मग खरा आकडा कुठला?
४५ ची टाकली तर तोटा काय?

गाडी सध्या सोसायटीच्या उतारावर लावून ठेवलीय.

खटारा_८०० | रविवार, रात्री १०:०५

उतारावर लावली म्हणजे तुम्ही आमच्या पंथात आलात. स्वागत असो. माझ्याकडे ८०० होती तेव्हा घर बघताना आधी समोरचा रस्ता कुठल्या बाजूला उतरतो ते बघितलं होतं.

धागा वाचतोय, ज्ञान शून्य.

निवांत_डिझेल | रविवार, रात्री १०:२०

एवढा विचार करायचा नसतो राव. मोठी टाका, विषय संपला. मी माझ्या गाडीत कंपनीपेक्षा एक नंबर वरची टाकलीय, सहावं वर्ष चालू आहे. एल-आर काय, बॅटरी फिरवून बसवता येते की.

बंद_सिग्नल | रविवार, रात्री १०:४१

निवांतभाऊ, असं सांगू नका. मोठी बॅटरी लावली की अल्टरनेटरवर (गाडी चालू असताना बॅटरी भरतो तो) लोड येतो आणि तो जळतो. आमच्या गॅरेजवाल्याने स्पष्ट सांगितलंय.

पाणी_भरलं_का | सोमवार, सकाळी ७:१०

घाटवळण, उद्या येतो म्हणून सटकलात ते फार बरं केलंत.

आमचं सांगलीत बॅटरीचं दुकान आहे, मी आणि हे मिळून बावीस वर्षं चालवतोय. त्यामुळे थोडं लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी बॅटरीच गेलीय ना, हे बघा. दर महिन्याला दोन-तीन जण चांगली बॅटरी बदलायला येतात, आणि दोष निघतो सैल टर्मिनलचा किंवा अल्टरनेटरचा. साधा मल्टिमीटर घ्या, तीनशे-चारशे रुपयांचा पुरतो. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी दार उघडायच्या आधी... म्हणजे बॉनेट रात्रीच उघडं ठेवा, दार उघडलं की दिवे लागतात आणि आकडा खाली येतो. पोलवर १२.६ व्होल्टच्या पुढे दाखवलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळपास तळ. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकड्यावर नजर ठेवा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीत दम नाही. गाडी सुरू झाली की १३.८ ते १४.५ च्या मध्ये दिसायला हवं. तेवढं नसेल तर नवी बॅटरी घालून काही उपयोग नाही, तीही आठ दिवसांत झोपेल.

आता लेबल. ही जपानी पद्धत आहे. ३८बी२०एल मधले ३८ हे एएच, म्हणजे साठवणीचे ॲम्पिअर-तास, नाहीत. तो ताकदीचा दर्जा आहे, साठवण आणि सेल्फला एका दमात किती करंट देते हे दोन्ही धरून काढलेला. त्याच मापात ४२ किंवा ४४ मिळाली तर डबा तोच, दम थोडा जास्त. बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट: रुंदी साधारण १२९ मिलिमीटर, उंची २०३. डी असेल तर रुंदी १७३. २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, प्रत्यक्षात १९७ मिलिमीटरच्या आसपास.

आणि ३५ हा आकडा वीस तासांच्या हिशेबाचा: पावणेदोन ॲम्पिअर दराने वीस तास. गंमत म्हणजे हीच ३८बी२० जपानमध्ये २८ एएच म्हणून विकतात, कारण ते पाच तासांत रिकामी करून मोजतात. बॅटरी तीच. त्यामुळे नुसत्या एएचवरून दोन बॅटऱ्यांची तुलना करताना सांभाळून.

एल-आर दुकान उघडून आल्यावर सांगते. पण मला एक सांगा, तुमच्या गाडीत बॅटरीचे पोल कुठल्या बाजूला आहेत? बंपरकडे की काचेकडे? आणि वायरी सैल आहेत की ताणलेल्या?

घाटवळण | सोमवार, सकाळी ७:५५

ताई, बॉनेट काल रात्री उघडं नव्हतं, त्यामुळे दार उघडूनच मोजलं. मीटर शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा.

बंद गाडी: १२.१
सेल्फ मारताना: ८.४ पर्यंत गेला, मग उचकत उचकत सुरू झाली
सुरू झाल्यावर: १४.२

पोल काचेकडे आहेत. वायरी ताणलेल्या आहेत, चांगल्याच. ऑफिसला पोचून नीट लिहितो, काहीतरी विचित्र दिसलंय.

पाणी_भरलं_का | सोमवार, सकाळी ८:०२

अल्टरनेटर ठणठणीत. बॅटरी गेली. विचित्र काय दिसलं ते लवकर लिहा आणि तोवर गाडी फार पळवू नका.

मिसिसागाचा_गारठा | सोमवार, सकाळी ८:३०

इथे आता रात्र आहे, झोपायच्या आधी लिहितो. मूळचा नाशिकचा, सध्या कॅनडा.

आमच्याकडे बॅटरी घेताना पहिला प्रश्न गट क्रमांकाचा. त्यात लांबी-रुंदी-उंची आणि पोलची जागा सगळं येतं. २४२ मिलिमीटर लांबीचा युरोपीय डबा इथे ४७ नंबर, २७८ चा ४८. नंबराच्या पुढे आर असेल तर पोल उलट. हा आर आणि तुमचा जपानी आर एकच समजू नका.

दुसरा प्रश्न सीसीए. उणे १८ अंशांना बॅटरी तीस सेकंद किती ॲम्पिअर देऊ शकते, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, तो आकडा. जानेवारीत इथे तेल मधासारखं घट्ट होतं आणि बॅटरीही आखडते, तेव्हा तो आकडा म्हणजे प्राण. वाईला त्याची एवढी गरज नाही, पण दोन सारख्या मापाच्या बॅटऱ्यांत निवडायचं असेल तर मी तरी एएच सोडून हाच बघेन.

बंद_सिग्नल | सोमवार, सकाळी ९:१५

अल्टरनेटर जळण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

पाणी_भरलं_का | सोमवार, सकाळी ११:२०

बोलते. गिऱ्हाईक नाही आत्ता.

अल्टरनेटर बॅटरीत करंट ढकलत नाही हो, तो एक ठरावीक व्होल्टेज धरून ठेवतो, चौदाच्या आसपास. बॅटरी तिला हवा तेवढा ओढते, आणि भरत आली की ओढणं कमी होतं. सेल्फला दीडशे ॲम्पिअर दोन सेकंद लागले असं धरा. हिशेब केला तर ०.०८ एएच. डबा ३५ चा असो की ४५ चा, गेले तेवढेच भरायचे. अल्टरनेटर तापतो तो पूर्ण झोपलेली बॅटरी धक्क्याने सुरू करून लगेच एसी, दिवे सगळं लावून तास-दोन तास पळवली की. तिथे बॅटरी लहान असली तरी ताण येतो. म्हणून झोपलेली बॅटरी आधी चार्जिंगला लावा म्हणतो आम्ही, ते धंद्यासाठी नाही.

तेव्हा मोठीने अल्टरनेटर जळतो हे खरं नाही. आणि निवांत_डिझेल म्हणतात तसं ‘मोठी टाका, विषय संपला’ हेही नाही. घाटवळण यांना दुकानदार जी ४५ ची देत होता ती बी२४ असणार. लांबी २३८ मिलिमीटर. ट्रे २० चा. म्हणजे चार सेंटिमीटर अधांतरी. म्हणून तर तो कड कापत होता. ट्रेची कड कापली की बॅटरी हलते. हललेल्या बॅटरीत प्लेटवरचा मसाला गळून तळाला साचतो, आणि एक दिवस आतल्या आत शॉर्ट. आपल्या रस्त्यांवर तर विचारूच नका. पाच वर्षं बघायला नको म्हणणारा दीड वर्षात तुम्हाला परत बघेल.

मोठी बॅटरी कधी टाकावी? जेव्हा त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीने मोठा ट्रे दिलाय आणि तो तुमच्या गाडीत बसतो. किंवा डबा तोच राहून आतला दर्जा वाढतो, तेव्हा.

निवांत_डिझेल | सोमवार, सकाळी ११:४०

माझ्या गाडीत ट्रे मोठाच होता ताई, कापाकापी केली नाही. ते लिहायला हवं होतं. मागे घेतो.

घाटवळण | सोमवार, दुपारी १:१०

जेवणाच्या सुट्टीत परत बॉनेट उघडून नीट बघितलं. फोटो चढत नाहीये, शब्दांत सांगतो.

बॅटरी बसलीय अशी की दोन्ही पोल मागे, काचेच्या बाजूला. वायरी मात्र पुढून, दिव्याच्या बाजूने येतात. म्हणजे प्लसची जाड लाल वायर पुढून निघते, बॅटरीच्या डोक्यावरून आडवी जाते आणि मागच्या पोलला पोचते. पोचते म्हणजे कशीबशी, तारेवर वाळत घातलेल्या धोतरासारखी ताठ. मध्ये बॅटरी दाबून धरणारी लोखंडी पट्टी आहे. वायर त्या पट्टीवर टेकते. तिथे आधीच्या मालकाने सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर तार बांधलीय.

मी ट्यूब बोटाने सरकवली. खालून फाटलीय. आतलं वायरचं लाल आवरण घासून गेलंय आणि नखाएवढ्या जागेत तांबं चमकतंय.

ताई, ही पट्टी बॉडीला बोल्टने जोडलेली आहे ना?

पाणी_भरलं_का | सोमवार, दुपारी १:१४

गाडी सुरू करू नका. दहा नंबरचा पाना घ्या आणि मायनसची वायर सोडवा, आत्ता. आधी मायनस. प्लसला पाना लावलात आणि तो बॉडीला टेकला तर तीच ठिणगी जी आपल्याला टाळायचीय.

हो, पट्टी बॉडीला जोडलेली असते, आणि बॉडी म्हणजे मायनस. ते तांबं पट्टीला लागलं की मध्ये फ्यूज नाही, काही नाही. थेट शॉर्ट.

खटारा_८०० | सोमवार, दुपारी १:२०

बाप रे. तीन वर्षं हे असं घेऊन फिरत होते?

घाटवळण | सोमवार, दुपारी १:३८

सोडवली. हात थरथरत होते, खोटं नाही सांगत. मायनसच्या टोकाला मोजा गुंडाळून बाजूला बांधून ठेवलाय. संध्याकाळी मित्र घरी सोडेल.

पाणी_भरलं_का | सोमवार, दुपारी ३:०५

छान. आता एल-आर.

बॅटरी समोर अशी धरा की दोन्ही पोल तुमच्या पोटाकडच्या कडेला येतील. मायनस डाव्या हाताला असेल तर एल. प्लस डाव्या हाताला असेल तर आर. एवढंच. डबा, ताकद, वजन, सगळं सारखं.

कंपनीने तुमची गाडी एल धरून बनवली. पोल बंपरकडे, वायरी पुढून येऊन अलगद बसतील इतक्याच लांब. आधीच्या मालकाला कधीतरी एल मिळाली नाही, किंवा ओळखीत आर स्वस्तात मिळाली. आर तशीच ठेवली तर प्लसच्या जागी मायनस येतो. म्हणून त्याने ती अर्धा गिरका फिरवली. फिरवल्यावर प्लस बरोबर बाजूला आला, पण पोल गेले मागे, बरोब्बर एका बॅटरीच्या रुंदीइतके लांब. मग वायर ताणली, मग ती पट्टीवर आली, मग ट्यूब.

म्हणून जुन्या बॅटरीचं लेबल बघून नवी मागू नका, विशेषतः गाडी दुसऱ्या हातातून आली असेल तर. कुणाकुणाच्या हातून काय काय बसलंय काय माहीत. गाडीबरोबर आलेलं पुस्तक बघा, आणि वायरी कुठे पोचायला बघतायत ते बघा. वायर खोटं बोलत नाही.

अजून एक मोजमाप राहिलंय, पोलची जाडी. बी२० ला बहुतेक बारीक पोल असतो, प्लस १४.७ मिलिमीटर, मायनस १३. जाड पोल १९.५ आणि १७.९ चा. बी२४ मध्ये दोन्ही मिळतात, जाड असेल तर नावाच्या शेवटी एस येतो. जाड पोलच्या टर्मिनलमध्ये बारीक पोल घातला की लोक मध्ये पत्रा ठोकतात, खिळा ठोकतात, एकाने तर नाण्याची पट्टी करून घातली होती. तिथे करंट अडतो, टर्मिनल तापतं, पांढरा क्षार येतो आणि लोक म्हणतात बॅटरी खराब. त्यासाठी शिशाची टोपी मिळते, पंधरा-वीस रुपयांची. मागून घ्यायची.

चांदा_तापलंय | सोमवार, दुपारी ४:३०

चंद्रपूरहून. गारठेवाल्या भाऊंना थंडीचं दुःख, आम्हाला उन्हाचं. उन्हाळ्यात पारा ४६-४७ ला जातो, बॉनेटच्या आत काय होत असेल कल्पना करा. ढोबळ हिशेब असा सांगतात की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. माझ्या दोन गाड्यांत मिळून चार बॅटऱ्या झाल्या, एकीनेही तीन वर्षं पार केली नाहीत. आणि त्या मरतात कधी, तर पहिल्या थंडीत. उन्हाळ्यात मार खातात, डिसेंबरात पडतात.

सावलीत लावणे हा एकच उपाय सापडलाय. काहींच्या बॅटरीला कंपनीकडून कापडी किंवा प्लास्टिकची जाड कव्हरं येतात, ती मेकॅनिक काढून फेकतात. फेकू देऊ नका, उष्णतेसाठीच असतात ती.

फोंड्याची_पोदेर | सोमवार, संध्याकाळी ६:१५

माझा वेगळाच घोळ झाला, लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोग होईल.

माझी गाडी सिग्नलला आपोआप बंद होते आणि क्लच दाबला की सुरू होते, त्या जातीची. बॅटरी गेली तेव्हा गॅरेजने त्याच मापाची, त्याच एएचची साधी बॅटरी घातली. माप अगदी बरोबर, पोल बरोबर, पट्टी घट्ट. दोन महिन्यांत गाडी सिग्नलला बंद व्हायची थांबली. मला वाटलं बरं झालं, नाहीतरी वैताग होता. चौदाव्या महिन्यात बॅटरी पूर्ण झोपली.

मग कळलं की अशा गाडीला ईएफबी किंवा एजीएम लागते. दिवसात शंभर वेळा सेल्फ आणि मधल्या वेळात एसीचा पंखा, दिवे, गाणी सगळं बॅटरीवर, त्यासाठी आतली बनावटच वेगळी असते. लेबलवर ती अक्षरं असतात, ती बघायची. मूळ बॅटरी एजीएम असेल तर परत एजीएमच, खाली उतरायचं नाही.

वॉरंटी मागायला गेले तर गॅरेज म्हणालं “तुमच्या गाडीला ही चालतच नाही, वॉरंटी कशी मिळेल?” घातली कोणी मग?

बंद_सिग्नल | सोमवार, संध्याकाळी ६:४०

पोदेरबाई, माझ्या नावाला जागणारा किस्सा.

आमच्या गॅरेजवाल्याला अल्टरनेटरचं विचारलं. म्हणाला, “मी तसं म्हणालो नव्हतो, झोपलेली बॅटरी धक्क्यावर चालवू नका म्हणालो होतो.” ताईंचं बरोबर.

नव्वद_नाही_शंभर | सोमवार, रात्री ८:२०

डिन, म्हणजे जर्मन मापाच्या, बॅटरीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत ह्याच येतात. डबा १७५ मिलिमीटर रुंद, बुटका, पोल वरून खोलगट जागेत, आणि धरायची पट्टी वर नसते, तळाच्या कडेला पाचर असते. लांबी २०७, २४२, २७८ अशा पायऱ्यांनी वाढते. उंची मात्र १७५ आणि १९० अशा दोन मिळतात, आणि इथेच लोक फसतात. १७५ च्या जागी १९० ची घातली तर बॉनेट पोलवर टेकू शकतं. बॉनेट लावायच्या आधी पोलवर पिठाचा गोळा ठेवा आणि हळूच बंद करून उघडा, किती जागा राहते ते कळतं. (कणकेचा आयडिया बायकोचा.)

त्यांच्यावर ५४४ १०५ ०३६ छापाचा नऊ आकडी नंबर असेल तर पहिल्या तीनांतले ५०० वजा करा, ४४ एएच. शेवटच्या तीनांना दहाने गुणा, ३६० ॲम्पिअर सेल्फसाठी.

घाटवळण | सोमवार, रात्री ९:३०

खूप शिकतोय. ताई, एक शंका. ही बॅटरी तीन वर्षंच टिकली, त्यात माझी काही चूक असेल का? ऑफिस साडेतीन किलोमीटरवर. गाडीत डॅशकॅम आहे, गाडी बंद असतानाही रेकॉर्ड करतो तो.

पाणी_भरलं_का | मंगळवार, सकाळी ७:०५

सापडला चोर.

बंद गाडीतही घड्याळ, लॉकचं रिसीव्हर वगैरे थोडं खातातच. ५० मिलिॲम्पिअरपर्यंत ठीक म्हणतात. तेही महिनाभर गाडी उभी राहिली तर गुणाकार करा: ०.०५ गुणिले २४ गुणिले ३०, झाले ३६ एएच. तुमची बॅटरीच ३५ ची. म्हणून गावाला जाताना मायनस सोडून जा म्हणतो.

डॅशकॅम बंद गाडीत पाव ॲम्पिअर धरला तर बारा तासांत ३ एएच. सकाळी साडेतीन किलोमीटरमध्ये ते भरून येत नाहीत. दुसऱ्या रात्री आणखी ३. बॅटरी कायम अर्धपोटी राहिली की प्लेटवर खडा धरतो, आणि मग ती कितीही चार्ज केली तरी भरत नाही. हा रोग ४५ ची टाकूनही बरा होत नाही, फक्त उशिरा कळतो. कॅमेऱ्यात व्होल्टेज घसरलं की बंद व्हायची सोय असेल तर ती १२.२ वर लावा, नसेल तर रात्री काढून ठेवा. आणि आठवड्यातून एकदा सलग तासभर चालवा. मांढरदेवी आहेच.

खटारा_८०० | मंगळवार, सकाळी ९:००

आई परत बसतील का गाडीत हा खरा प्रश्न आहे.

सातबारा | मंगळवार, सकाळी १०:४५

घेताना किती पडेल, वॉरंटी कशी बघायची, कुणीतरी सांगा. मलाही घ्यायचीय.

पाणी_भरलं_का | मंगळवार, दुपारी १२:३०

भाव गावागणिक आणि ब्रँडगणिक बदलतो, इथे आकडा टाकला की उद्या कोणीतरी तो दुकानात नेऊन भांडेल. एवढंच सांगते की सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या बिलाशी तुलना करताना ते धरा. आणि सांगितलेला भाव जुनी बॅटरी देऊन की न देता, हे आधी विचारा. जुनी आम्हालाच द्या. नऊ-दहा किलोचा तो डबा, त्यात बहुतांश शिसं, ते वितळवून परत वापरतात. २०२२ च्या नियमांनी ती परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय. भंगारात दिली की ॲसिड गटारात जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वॉरंटी दोन तुकड्यांत असते. पहिल्या तुकड्यात फुकट बदलून, दुसऱ्यात महिन्यांच्या हिशेबाने सूट. ‘साठ महिने’ ऐकून खूश होऊ नका, त्यातले फुकटचे किती ते विचारा. मधे बदलून मिळाली तर नवीला नवी वॉरंटी नसते, जुनीतली उरलेलीच चालते. टॅक्सीला मुदत कमी. कार्डावर नंबर, तारीख, शिक्का तिथल्या तिथे.

आणि तारीख बघा, बनवल्याची. वर्षभर फळीवर बसलेली नवी बॅटरी नवी नसते. मीटर बरोबर न्या, दुकानातच लावा. १२.५ च्या खाली दिसली तर दुसरी काढायला सांगा. चिडला तर दुकान बदला. मी चिडत नाही, पण असं मोजणारं गिऱ्हाईक वर्षात एखादंच येतं.

घाटवळण | बुधवार, रात्री ८:४५

झालं मंडळी.

दुसऱ्या दुकानात गेलो. ३८बी२०एल मागितली. त्यांच्याकडे त्याच डब्यात वरच्या दर्जाचीही होती, थोडी महाग. दोन्हींवर मीटर लावला. महागडी १२.३९, साधी १२.७०, तारीख दीड महिन्यापूर्वीची. साधी घेतली. दुकानदार हसला, म्हणाला “कुठं शिकला?” म्हटलं सांगलीला.

आधी इलेक्ट्रिशियनकडून प्लसची वायर बदलून घेतली, ती घासलेली नुसती टेप लावून ठेवायची हिंमत झाली नाही. मग बॅटरी ठेवली, पोल पुढे. आणि काय सांगू, दोन्ही वायरी स्वतःहून जाऊन पोलवर बसल्या. ओढायला लागलं नाही, वाकवायला लागलं नाही. प्लस आधी, मायनस शेवटी. प्लसवर लाल टोपी बसते, ती कंपनीची मूळची टोपी वायरिंगच्या मागे धूळ खात लोंबत होती, तीन वर्षं मला वाटायचं ती कशाची तरी सुटलेली आहे.

सकाळी दार न उघडता मोजलं: १२.६८. सेल्फ मारताना १०.९. पहिल्या झटक्यात सुरू. डॅशकॅम रात्री काढून आत आणलाय. आई म्हणाली रविवारी बघू.

पाणी_भरलं_का | बुधवार, रात्री ९:१०

वा! पट्टी घट्ट केली ना? बॅटरी हाताने हलवून बघा, गाडी हलली पाहिजे, बॅटरी नाही.

घाटवळण | बुधवार, रात्री ९:२५

केली. आत्ता खाली जाऊन परत हलवून आलो, गाडी हलली.

एकच राहिलंय. ड्रायव्हरची काच आधी एका बोटात पूर्ण वर जायची, आता अर्ध्यात थांबते. आणि घड्याळ १२:०० वरून लुकलुकतंय.

नव्वद_नाही_शंभर | बुधवार, रात्री ९:३१

बॅटरी सुटली की काही गाड्यांची काच विसरते. काच पूर्ण वर नेऊन बटण पाच-सहा सेकंद ओढून धरा, परत शिकेल. नाही शिकली तर पुस्तकात पद्धत असते.

घाटवळण | बुधवार, रात्री ९:५०

शिकली! घड्याळाचं बटण मात्र सापडत नाहीये.

खटारा_८०० | बुधवार, रात्री ९:५२

त्यासाठी वेगळा धागा काढा.